पंधरा अँपिअरचा पॉइंट

इलेक्ट्रिक गाडीची डिलिव्हरी घेताना नारळ फुटतो, बॉनेटवर हार चढतो, शोरूमवाले भल्यामोठ्या पुठ्ठ्याच्या किल्लीसकट घरच्या सगळ्यांचा फोटो काढतात. डिकीत एक काळी पिशवी ठेवलेली असते, तिच्याकडे त्या दिवशी कोणाचं लक्ष जात नाही. पिशवीत काही मीटर केबल असते. तिच्या एका टोकाला एसीला किंवा गिझरला लागतो तसा तीन पिनांचा जाड टॉप, दुसऱ्या टोकाला गाडीत बसणारा कनेक्टर, आणि मधे दिवे लुकलुकणारा एक डबा. रात्री घरी आल्यावर ही पिशवी उघडली जाते आणि इथून पुढे गाडीचं रोजचं जगणं बॅटरीइतकंच या डब्याच्या आणि भिंतीतल्या एका पॉइंटच्या हाती जातं.

काही महिने गेले की विचार सुरू होतो : याहून मोठा डबा घ्यावा का? सात किलोवॅटचा, स्क्रीनवाला, मोबाइलवर चालणारा? बाजारात ते मिळतात, आणि मालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांची चर्चा मायलेजपेक्षा जास्त रंगते. या चर्चेत डब्याबद्दल पुष्कळ बोललं जातं, भिंतीबद्दल फार कमी. खरी कामं मात्र भिंतीकडेच निघतात.

आधी डबा काय करतो ते पाहू. घरातली एसी वीज बॅटरीला चालणाऱ्या डीसीमध्ये बदलणारं यंत्र या डब्यात नसतं, ते गाडीतच बसवलेलं असतं. डब्याची भूमिका सोसायटीच्या वॉचमनची. वरच्या मजल्यावर इंटरकॉम लावायचा, ‘सोडू का?’ विचारायचं, होकार आला तरच गेट उघडायचं. हा इंटरकॉम म्हणजे केबलमधली एक बारीक तार. डबा तिच्यावर १२ व्होल्टचा संदेश ठेवतो. कनेक्टर गाडीत बसला की गाडीतल्या रेझिस्टरमुळे तो ९ व्होल्टवर उतरतो, आणि गाडी वीज घ्यायला तयार झाली की ६ वर. हे ६ व्होल्ट दिसल्यावरच डब्यातला रिले ‘टक्’ करून बसतो. तोपर्यंत कनेक्टरच्या पिनांत मुख्य वीज आलेलीच नसते. जुलैच्या पावसात ओल्या हाताने कनेक्टर लावणाऱ्याला धक्का का बसत नाही, याचं उत्तर या दोन-तीन व्होल्टांच्या खाणाखुणांमध्ये आहे.

त्याच तारेवर डबा गाडीला आणखी एक गोष्ट सांगतो : ओढायची तर किती ओढ. संदेशाची लहर सेकंदाला हजार वेळा वर-खाली होते. त्यातला जितके टक्के वेळ ती वर असेल, त्याला ०.६ ने गुणलं की मुभा किती अँपिअरची ते कळतं. साधारण २७ टक्के म्हणजे १६ अँपिअर, ५३ टक्के म्हणजे ३२. गाडीतलं यंत्र त्या मर्यादेत राहून स्वतःच्या ताकदीएवढीच वीज घेतं. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. गाडीतलं यंत्र ३.३ किलोवॅटचं असेल, तर बाहेर ७.२ किलोवॅटचा डबा लावून एक मिनिटही वाचत नाही. २०२२ मध्ये आलेल्या टियागो ईव्हीची आणि नेक्सॉन ईव्ही मॅक्सची ३.३ आणि ७.२ अशा दोन्ही पर्यायांत विक्री झाली. त्यामुळे एकाच पार्किंगमध्ये शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्यांपैकी एकीला मोठा डबा उपयोगी पडतो, दुसरीला नाही. पैसे मोजण्याआधी आपल्या गाडीचं माहितीपुस्तक उघडणं बरं.

या सगळ्या संवादात डब्याला एक गोष्ट कळत नाही. भिंतीमागची तार किती जाड आहे, जॉइंट किती घट्ट आहे, पॉइंट कोणी आणि कधी बसवला, हे त्याला ठाऊक नसतं. आपल्या टॉपला जो आकडा शोभतो तोच डबा गाडीला सांगतो आणि मागच्या भिंतीने तो निभावावा अशी अपेक्षा धरतो.

‘अपग्रेड’ केलेल्या केबलची गोष्ट अमेरिकेत सुरू झाली, आणि तिथे तिला वेगळंच कारण होतं. डिसेंबर २०१० मध्ये निसानची लीफ जपान आणि अमेरिकेत ग्राहकांच्या हाती पडली. बॅटरी २४ किलोवॅट-अवरची. अमेरिकी घरातला साधा पॉइंट १२० व्होल्टचा. गाडीसोबत मिळणारी पॅनासॉनिकने बनवलेली केबल त्यातून १२ अँपिअर घ्यायची, म्हणजे जेमतेम १.४ किलोवॅट. रिकामी बॅटरी भरायला सुमारे वीस तास. यावर कंपनीचा सल्ला होता की गॅरेजच्या भिंतीवर २४० व्होल्टचं यंत्र बसवून घ्यावं. यंत्र आणि मजुरी मिळून त्याचा सरासरी खर्च २,२०० डॉलरच्या घरात सांगितला जायचा.

कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरने तो डबा उघडला. आतली मांडणी थोडे बदल केले तर २४० व्होल्ट सहज पेलेल अशी होती. त्यात नवल नव्हतं, कारण जपानमध्ये हीच गाडी २०० व्होल्टच्या केबलसह विकली जात होती. मग लोक आपल्या केबली पोस्टाने त्याच्याकडे पाठवू लागले. दोन-तीनशे डॉलरांत केबल दुरुस्त होऊन परत यायची, आणि कपडे सुकवण्याच्या यंत्रासाठी घरात आधीच असलेल्या २४० व्होल्टच्या पॉइंटवर चालायची. लीफमधलं यंत्र ३.३ किलोवॅटचं असल्याने फायदा पुरेपूर मिळे. वीस तासांचे सात-आठ तास झाले आणि भिंत फोडावी लागली नाही. कंपनीच्या वॉरंटीचं काय, असा प्रश्न विचारणारेही होते. तरी धंदा चालला.

भारतात हे करायची वेळच आली नाही. आपल्याकडच्या भिंतीत २३० व्होल्ट पहिल्यापासून आहेत. २००१ मध्ये बंगळुरूची रेवा आली तेव्हा तीही घरातल्या १५ अँपिअरच्या पॉइंटवरच चार्ज व्हायची. कॅलिफोर्नियातल्या माणसाने पदरचे पैसे मोजून जे मिळवलं, ते आपल्याकडे गिझरच्या पॉइंटवर फुकट आहे. २३० गुणिले १५ म्हणजे जवळपास साडेतीन किलोवॅट.

ते पुरतं का? पुण्यात कोथरूडहून हिंजवडीला जाऊन येणाऱ्या माणसाचं दिवसाचं धावणं चाळीस किलोमीटरच्या आसपास धरू. लहान-मध्यम इलेक्ट्रिक गाडी भिंतीतून घेतलेल्या एका युनिटवर साधारण सात किलोमीटर जाते. म्हणजे दिवसाला सहा युनिट, म्हणजे १५ अँपिअरवर दोन तासांहून कमी. रात्री अकराला टॉप लावला तर एक वाजायच्या आत काम आटोपलेलं असतं. सात किलोवॅटच्या डब्याने ते बाराच्या आतच आटोपेल. झोपलेल्या माणसाला या फरकाचं काय करायचं?

फरक पडतो तो रिकाम्या बॅटरीला. नेक्सॉन ईव्ही मॅक्सची ४०.५ किलोवॅट-अवरची बॅटरी १५ अँपिअरवर पूर्ण भरायला पंधरा-सोळा तास घेते, ७.२ किलोवॅटवर साडेसहा. रविवारी रात्री कोल्हापूरहून दमून परत आलेल्या आणि सोमवारी पहाटे नाशिकला निघणाऱ्या माणसाला हे साडेसहा तास मोलाचे. बॅटऱ्याही मोठ्या होत चालल्या आहेत. चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ ला ५९ किंवा ७९ किलोवॅट-अवरची बॅटरी येते. ७९ ची बॅटरी तळाला गेली असेल तर १५ अँपिअरचा पॉइंट चोवीस तासांतही तिला भरू शकत नाही. अशा गाडीसाठी मोठ्या डब्याचा हिशेब जुळतो. एक भीती मात्र मनातून काढून टाकायला हवी. सात किलोवॅटने बॅटरी खराब होत नाही. हायवेवरच्या डीसी चार्जरच्या मानाने हे फारच सौम्य काम आहे.

आता भिंत.

घरातला पॉवर पॉइंट ज्या कामांसाठी बसवला जातो ती थोडा वेळ चालणारी किंवा थांबत-थांबत चालणारी असतात. गिझर वीस मिनिटं, मिक्सर दोन मिनिटं, इस्त्री तापते आणि आपोआप बंद होते. एसीचा कॉम्प्रेसरही मधून-मधून विसावतो. गाडी तसं करत नाही, ती आठ-आठ तास सलग पूर्ण प्रवाह ओढते. पॉइंटच्या आत पितळेची पट्टी टॉपच्या पिनेला जिथे धरते तिथे थोडा जरी सैलपणा आला, तरी त्या जागी रोध वाढतो आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. समजा तिथे फक्त एक दशांश ओहम रोध आहे. १० अँपिअरला १० वॅट उष्णता. १५ ला साडेबावीस. ३२ ला शंभरच्या वर, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बइतकी, आणि तीही अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या आत रात्रभर. ‘टॉप काळा पडलाय’ असं इलेक्ट्रिशियन सांगतो तेव्हा ही गोष्ट बहुधा बरेच दिवस चाललेली असते. बरेचसे डबे लटकवून ठेवलेले असतात आणि त्यांचं सगळं वजन टॉपवर येतं. पॉइंट सैल व्हायला तेवढंही पुरतं.

या बाबतीत टेस्लाचा अनुभव बोलका आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आयर्व्हाइनमध्ये मॉडेल एस चार्जिंगला लावलेल्या एका गॅरेजात आग लागली. दोष गाडीचा नाही, भिंतीतल्या वायरिंगचा असावा, अशी कंपनीची भूमिका होती. पण तेवढ्यावर ती थांबली नाही. विजेत अनपेक्षित चढउतार दिसले की गाडीने ओढायचा प्रवाह पंचवीस टक्क्यांनी कमी करावा, असा बदल तिने सॉफ्टवेअरमध्ये केला. जानेवारी २०१४ मध्ये २९,२२२ गाड्यांसाठी भिंतीकडचा नवा अॅडॉप्टर देऊ केला, आत तापमान वाढलं की तुटणारा फ्यूज असलेला. डब्याला भिंत दिसत नाही ही अडचण त्यांनी टॉपमध्येच उष्णता ओळखणारा भाग बसवून सोडवली. आज चांगल्या पोर्टेबल डब्यांच्या टॉपमध्ये तापमानाचा सेन्सर असतो. मोठा डबा घ्यायचाच तर किलोवॅटच्या आकड्याआधी हा सेन्सर आहे का ते विचारावं. गळती ओळखण्याची सोयही तपासावी. एसीची गळती तर हवीच, पण बॅटरीकडून येणारी ६ मिलिअँपिअरची डीसी गळतीही पकडणारी असावी. आयईसी ६२७५२ हे या डब्यांचं आंतरराष्ट्रीय मानक. डब्यावर त्याचा उल्लेखच नसेल, तर स्वस्तात का मिळतोय याचं उत्तर तिथेच मिळतं.

अमेरिकी वायरिंगचा एक नियम आपल्याकडे अंगवळणी पडायला हवा. तीन तासांहून जास्त सलग चालणारा भार सर्किटच्या ८० टक्क्यांपलीकडे जाऊ द्यायचा नाही. म्हणूनच १५ अँपिअरच्या सर्किटवरची लीफची केबल १२ अँपिअरच घ्यायची. आपल्याकडे १६ अँपिअरच्या पॉइंटवरून १५ ओढले जातात आणि एमसीबी पडला की त्याच जागी २० चा बसवला जातो. तार मात्र जुनीच राहते. एमसीबी तारेला वाचवण्यासाठी असतो, गाडीच्या सोयीसाठी नसतो, हे इलेक्ट्रिशियनला माहीत असतं. पण ‘साहेबांना घाई आहे’ म्हणून तोही गप्प बसतो.

तारेचं गणित शाळकरी पोरालाही जमेल असं आहे. सोसायटीत मीटर रूम एका टोकाला आणि आपलं पार्किंग दुसऱ्या टोकाला, मधलं अंतर ३० मीटर. वीज जाऊन परत येते, म्हणजे ६० मीटर तांबं. घरगुती वायरिंगची अडीच स्क्वेअर एमएमची तार वापरली तर १५ अँपिअरला सुमारे सात व्होल्ट वाटेतच खर्च होतात. तेवढं चालून जातं. त्याच तारेवर ३२ अँपिअर घातले तर पंधरा व्होल्ट जातात आणि जवळपास पाचशे वॅट पाइपमधल्या तारेला तापवतात. तिथे सहा स्क्वेअर एमएम हवी. १५ अँपिअरसाठी चार घेतली तर मन निश्चिंत राहतं. ३२ अँपिअरला घरगुती तीन पिनांचा पॉइंट चालतच नाही, कारखान्यात असतो तसा गोल निळा इंडस्ट्रियल सॉकेट लागतो. निळ्या टॉपला बाजारात पंधरा अँपिअरचा अॅडॉप्टर मिळतो म्हणून तो घरच्या पॉइंटवर लावणारे लोकही आहेत. त्यांच्या वाट्याला यायची ती आपत्ती अजून आलेली नाही, इतकंच म्हणता येईल.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ मध्ये सुरक्षा नियमांत चार्जिंगसाठी स्वतंत्र भाग घातला. गाडीच्या पॉइंटला स्वतंत्र सर्किट असावं, ३० मिलिअँपिअरचं गळती-संरक्षण असावं, पॉइंट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर असावा, एक्स्टेंशन वापरू नये. ही शेवटची अट आपल्याकडे सर्वांत जास्त मोडली जाते. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली एक्स्टेंशन, तिचं उरलेलं वेटोळं तसंच गुंडाळलेलं, हे दृश्य कोणत्याही उपनगरात दिसेल. गुंडाळलेल्या तारेची उष्णता बाहेर पडायला वाट नसते. आतलं प्लास्टिक मऊ होऊ लागतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

यानंतर अर्थिंग. ते नीट नसेल तर डबा लाल दिवा लावून मुकाट बसतो. चार्जिंग होत नाही म्हणून गाडीवाला शोरूमला फोन करतो, शोरूमवाला ‘घरचं अर्थिंग बघा’ म्हणतो, आणि घरचं अर्थिंग शेवटचं कोणी पाहिलं होतं हे घरात कोणालाच आठवत नसतं. जुन्या पद्धतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाइप किंवा पत्र्याभोवती कोळसा आणि मीठ घातलेलं असतं. त्याला ओल लागते. कोकणातला जांभा मे महिन्यात कोरडा ठणठणीत होतो आणि तेव्हाच अर्थिंग रुसतं. इलेक्ट्रिशियन खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततो, दिवा हिरवा होतो, आठवड्याने पुन्हा लाल. अशा वेळी ‘अर्थ बायपास’ नावाची एक छोटी वस्तू पुढे येते. ती न्यूट्रललाच अर्थ असल्याचं भासवते आणि डबा फसतो. पुढे कधी न्यूट्रल तुटला तर गाडीचा पत्रा जिवंत होऊ शकतो. या वस्तूबद्दल सभ्य शब्दांत लिहिणं अवघड आहे. नव्या खड्ड्यावर किंवा केमिकल अर्थिंगवर काही हजार खर्च करणं हे सात किलोवॅटच्या डब्याहून मोठं अपग्रेड आहे.

लाइट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर गाडी लावून पाहणाऱ्यांनाही बहुधा हाच लाल दिवा दिसतो. बऱ्याच इन्व्हर्टरचा न्यूट्रल जमिनीशी जोडलेला नसतो आणि डब्याला ते चटकन कळतं. तसंही साडेतीन किलोवॅटचा भार पाहून तो इन्व्हर्टर किती वेळ तग धरणार होता?

बंगल्यात हे सगळं मालकाच्या हातात असतं. सोसायटीत ते सभेच्या विषयपत्रिकेवर येतं. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं की राहत्या जागी असलेल्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. नव्या इमारतींसाठी २०१९ मध्येच आदर्श बांधकाम नियमांत बदल झाले आणि पार्किंगच्या वीस टक्के जागेत चार्जिंगची सोय अपेक्षित धरली गेली. पण २००५ साली बांधलेल्या सोसायटीत अजूनही सेक्रेटरी काकांचं पहिलं वाक्य ‘उद्या सगळ्यांनी मागितलं तर?’ हेच असतं. त्यात तथ्य नाही असं नाही. दहा गाड्यांनी रात्री अकराला एकाच वेळी सात-सात किलोवॅट ओढायला सुरुवात केली तर सत्तर किलोवॅट झाले. इमारतीची मुख्य केबल तेवढ्यासाठी टाकलेली नसते. त्याच दहा जणांनी १५ अँपिअरवर समाधान मानलं तर भार निम्म्यावर येतो, आणि वेळा वाटून घेतल्या तर आणखी कमी. सगळ्यांत कमी कटकटीचा उपाय म्हणजे मीटर रूममधून, आपल्या स्वतःच्या मीटरवरून, स्वतंत्र एमसीबी आणि गळती पकडणारा आरसीसीबी लावून पार्किंगपर्यंत तार आणणं. बिल कोणाचं हा वाद मिटतो आणि सभाही तासभर आधी संपते. मुंबईच्या पझल पार्किंगला हा उपाय लागू पडत नाही. तिथे गाडीखालचा पाळणाच वर-खाली आणि आडवा सरकतो. पोर्टेबल डबा कितीही भारी असला तरी तिथे त्याचा उपयोग नाही.

बिलाचंही पाहू. महिन्याला हजार किलोमीटर धावणारी गाडी दीडशेच्या आसपास युनिट खाते. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात. आधीच अडीचशे युनिट जाळणाऱ्या घराचा गाडीसाठी लागणारा बराचसा वापर वरच्या, महाग टप्प्यात पडतो. तरीही पेट्रोलच्या मानाने तो कितीतरी स्वस्त राहतो. बिलावरचा ‘मंजूर भार’ हा आकडा मात्र बहुतेकांनी कधी वाचलेला नसतो. दोन-तीन किलोवॅट मंजूर असलेल्या घरात एसी, गिझर आणि गाडी एकत्र चालू झाली की फ्यूज आपलं मत नोंदवतो. सात किलोवॅटचा डबा घेण्याआधी मंजूर भार वाढवण्याचा अर्ज करावा लागतो. दुकानदार हे सांगत नाही.

या सगळ्यातून डब्याच्या अपग्रेडमधली खरी उपयोगी गोष्ट पुढे येते, आणि ती वेग वाढवण्याची नाही. कमी करण्याची आहे. गाडीसोबत मिळणारे अनेक डबे एकाच आकड्यावर चालतात. बदलता येणारे डबे ६, ८, १०, १३, १६ असे अँपिअर निवडू देतात. सांगली-नाशिककडच्या बंगल्यांवर आता सौर पॅनल चढत आहेत. तीन किलोवॅटचे पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला बारा-एक युनिट देतात. दुपारी गाडी घरी असेल आणि डबा ८ अँपिअरवर ठेवला तर छपरावरून येणारी वीज जवळपास थेट गाडीत जाते.

८ अँपिअरची खरी परीक्षा गणपतीत होते. मुंबई-पुण्याहून कोकणात निघालेल्या गाड्यांत आता इलेक्ट्रिक गाड्याही असतात. गावच्या घराचं वायरिंग आजोबांच्या काळातलं, एकच पॉवर पॉइंट पडवीत, तोही पंपासाठी बसवलेला, आणि व्होल्टेज संध्याकाळी आरतीच्या वेळी १९० वर आलेलं. तिथे १५ अँपिअर ओढणं म्हणजे मखराच्या माळांसकट अख्ख्या घराचा उजेड पणाला लावणं. ८ अँपिअरवर रात्रीच्या दहा तासांत पंधराहून जास्त युनिट जातात, म्हणजे शंभर किलोमीटरची सोय. टॉपला दर तासा-दोन तासांनी हात लावून पाहायचा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर ६ वर आणायचं. चाळीस किलोवॅट-अवरची रिकामी बॅटरी या संथ गतीने भरायला साधारण एक दिवस आणि थोडे तास लागतात. घरात दीड दिवसाचा गणपती असेल, तरी लाइट गेली नाही तर विसर्जनाच्या आत गाडी भरलेली असते.